मेक्सिकन पैलवानाचा मुखवटा घरच्या मशीनवर कसा शिवायचा

मुखवटा फोटोपुरता पाहिजे असेल तर शिवत बसू नका. जत्रेत रबर लावलेला प्लॅस्टिकचा मिळतो, तो आणा आणि मोकळे व्हा. हे लिहिलंय ते वेगळ्या मुखवट्यासाठी. तो घालून पोट्टं पळणार, लोळणार, दुसरं पोट्टं तो ओढणार, आणि तरी डोळ्यासमोरची भोकं डोळ्यासमोरच राहिली पाहिजेत.

मी ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवते. सिंदी रेल्वेच्या बाजूला आमचं गाव. आमच्या पट्ट्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लेकरं लाकडी नंदी सजवून आणतात आणि सोबत वेशभूषा करतात. आधी शिवाजी महाराज, झाशीची राणी आणि घोंगडीवाला शेतकरी यावर सगळ्यांचं भागायचं. मग घरोघरी डिश आली, टीव्हीवरच्या कुस्त्या आल्या, आणि माझ्या दारात "काकू, मले सिक्स-वन-नाइनवाला मुखवटा शिवून द्या न" सुरू झालं. म्हणजे रे मिस्टेरिओ. हा गडी तसा जन्मला अमेरिकेत, १९७४ साली, कॅलिफोर्नियातल्या चुला व्हिस्टात. पण घर मेक्सिकन, काका मेक्सिकन कुस्तीतला, त्याच्याच हाताखाली शिकला आणि नावही काकाचंच घेतलं. चौदाव्या वर्षी पहिली कुस्ती खेळला. ते ६१९ म्हणजे त्याच्या भागाचा टेलिफोन कोड. पोट्ट्यांना यातलं काहीच नको असतं, त्यांना कपाळावरचा क्रॉस पाहिजे असतो.

मला मात्र कापड हातात घेतल्यावर प्रश्न पडला की हे तिकडचे लोक शिवतात तरी कसं.

पहिली गंमत अशी की मेक्सिकोत या मुखवट्याची सुरुवात शिंप्याच्या हातून झालेलीच नाही. लिऑन गावचा अँतोनियो मार्तिनेस हा बूट शिवणारा. पैलवानांचे बूट त्याच्याकडे व्हायचे. १९३० च्या दशकात सिक्लोन मॅकी नावाच्या पैलवानानं त्याला डोकं झाकणारा मुखवटा करून मागितला आणि त्यानं हातात होतं ते चामडं वापरलं. मागं रिंगा आणि त्यातून ओवलेली लेस, ही रचना आजही सगळीकडे तीच आहे. ती बघितली की मला तरी त्यात बूटवाल्याचाच हात दिसतो. शिंप्यानं केला असता तर हूक नाहीतर चेन लावली असती आणि पहिल्याच ओढाताणीत ती उसवली असती. म्हणून चेन लावायचा मोह होईल तेव्हा तो आवरा.

कापड

चामडं भादव्यात आपल्याकडे कोणी डोक्यावर चढवणार नाही. तिकडेही ते मागं पडलं. आता लायक्रा. पण लायक्रा म्हणून दुकानदार काहीही गळ्यात मारतात, म्हणून दुकानातच पारखून घ्या. ४ इंच कापड चिमटीत धरून ओढा. ६ इंचांपर्यंत गेलं पाहिजे आणि सोडल्यावर पुन्हा ४ वर आलं पाहिजे. उभं ओढा, मग आडवंही ओढा. एकाच बाजूनं ताणणारं कापड लेगिंगला चालतं, डोक्याला चालत नाही. साठ इंच पन्ह्याचं अर्धा मीटर घेतलं तर दोन मुखवटे आरामात निघतात आणि जिभेचं कापडही. जीभ काय ते पुढं येते.

चंदेरी पाहिजे असेल तर ते चकाकी मारलेलं येतं. त्याला इस्त्री लागू देऊ नका, चकाकी इस्त्रीलाच चिकटून येते. फार ताणलं तर तडेही जातात, म्हणून चंदेरी मुखवट्याचं माप थोडं सैल ठेवावं लागतं.

डोळ्यांच्या आणि तोंडाच्या कडेला पातळ रेक्झिन. त्याचे धागे निघत नाहीत, त्यामुळे दुमडावं लागत नाही. धागा पॉलिस्टरचा. सुती धागा लायक्रासोबत ताणत नाही, तुटतो. सुई बॉलपॉइंट मागा, ११ नंबरची. साध्या सुईनं लायक्राला भोकं पडतात आणि टाके सुटतात.

अस्तराचं ज्यानं त्यानं ठरवावं. गॅदरिंग थंडीत असते, तिथं नसलं तरी चालतं. तान्हा पोळा म्हणजे घामाच्या धारा आणि वरून पाऊस. तिथं पातळ होजिअरीचं अस्तर लावा, घाम टिपला जातो आणि कपाळाला खाज सुटत नाही.

माप आणि कागद

डोक्याचा घेर भुवयांच्या वरून घ्या. मग हनुवटीखालून कानांवरून टाळूपर्यंतचा उभा घेर. मग टाळूपासून मानेच्या खळग्यापर्यंत. गळ्याचा घेर. आणि भुवयांच्या मधोमधपासून हनुवटीपर्यंत. एवढी मापं पुरतात. "माझ्या मोठ्या पोराच्या मापाचा शिवा, दोघं वापरतील" म्हणणाऱ्या आया येतात. त्यांना चहा द्या आणि लहान्याला घेऊन यायला सांगा. हा मुखवटा एकाच डोक्याचा असतो.

हिशेब असा. समजा घेर २२ इंच आला. मुखवटा दोन अर्ध्या भागांचा, डावा आणि उजवा, म्हणून अर्धे ११. लायक्रा ताणून बसला पाहिजे म्हणून दर अर्ध्यातून १ इंच कमी, राहिले १०. मागं लेसच्या जागी एकूण इंचभर फट राहते, त्याचा अर्धा इंच आणखी कमी, साडेनऊ. हे तयार माप. आता नाकाकडच्या शिवणीला दोन सूत म्हणजे पाव इंच माया (शिवणीत जाणारं जास्तीचं कापड) आणि मागच्या दुमडीला १ इंच. कापायचं माप पावणेअकरा. अस्तर लावणार असाल किंवा चंदेरी कापड असेल तर ताणासाठी १ इंचाऐवजी पाऊणच कमी करा.

आकार टेपनं येत नाही, तो डोक्यावरच काढावा लागतो. एक जुनं होजिअरी बनियन उभं फाडून त्याचा सपाट तुकडा करा. लेकराला स्टुलावर बसवा, डोळे मिटायला सांगा, तुकडा समोरून चेहऱ्यावर ठेवून मागं मानेजवळ टाचा. टाचण्या फक्त मागं. चेहऱ्यावर टाचणी लावायची नाही, पोट्टं कधी शिंकेल याचा नेम नसतो. समोर नाकावर जो झोळ येतो तो बोटांच्या चिमटीत धरा आणि खडूनं कपाळापासून हनुवटीखालपर्यंत दोन्ही बाजूंनी रेघ ओढा. मग मिटलेल्या डोळ्याभोवतीचं हाड बोटानं चाचपून चार ठिपके: वर, खाली, आत, बाहेर. ओठांची दोन टोकं, नाकाचा शेंडा, कानाची जागा. झालं, लगेच उतरवा. लेकराला फार वेळ कोंडून ठेवू नका.

रेघेवर कापून तुकडा सपाट केला की नाकाची कड कशी वळते ते दिसतं. कपाळावर फुगीर, नाकाच्या मुळाशी आत, शेंड्यावर पुन्हा बाहेर, ओठांशी आत, हनुवटीवर बाहेर आणि मग गळ्याकडे झपकन आत. सगळा मुखवटा या एका वळणात आहे. ते चुकलं तर वर कितीही चमचम लावा, पोट्टं कापडी पिशवी घातल्यासारखं दिसतं. दोन्ही भाग एकमेकांवर ठेवून बघा, माणसाचा चेहरा दोन्हीकडे सारखा नसतोच. मोठा भाग धरून जुन्या पेपरवर आकार काढा आणि माया वाढवा.

डोळे, नाक, तोंड

कडेची शिवण मारण्याआधी डोळे करायचे, कापड सपाट असतानाच. नंतर त्या गोल झालेल्या पिशवीत हात घालून डोळा शिवत बसलात तर रडायला येईल. आधी भोक पाडू नका. रेक्झिनचा डोळ्याचा आकार कापा, तो कापडावर ठेवून बाहेरच्या आणि आतल्या कडेनं शिवा, आणि मगच आतलं कापड बारीक कात्रीनं कापून काढा. रेक्झिनला टाचणीची भोकं कायमची राहतात, म्हणून हलकं फॅब्रिक ग्लू लावा किंवा हातानं कच्चा टाका घाला. रेक्झिन मशीनच्या पायाला चिकटतं. वर पेपरची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर ती फाडून टाका.

भोक आधी लहान पाडा, डोक्यावर घालून बघा, मग वाढवा. समोरचं तर कोणालाही दिसतं. लेकराला मान न हलवता स्वतःच्या पायाचे अंगठे दिसतात का, आणि कानाजवळ धरलेली तुमची बोटं दिसतात का, ते विचारा. दिसत नसेल तर बाहेरच्या बाजूनं दोन सूत वाढवा. जाळी लावून द्या म्हणतात काही जण, टीव्हीवर तशी दिसते म्हणून. पोळ्याच्या गर्दीत बैलं असतात, माणसं असतात. लहान लेकराला मी जाळी लावून देत नाही.

नाक आणि तोंड उघडंच पाहिजे. लहान लेकरांना मी नाकाच्या शेंड्यापासून खालच्या ओठाच्या खालपर्यंत एकच मोकळी जागा ठेवते. मोठ्यांना नाकाची वेगळी आणि तोंडाची वेगळी चालेल. ही जागा दोन्ही भागांच्या मधोमध येते, म्हणून आधी टाळूपासून नाकापर्यंत शिवा, मग तोंडाखालून गळ्यापर्यंत, आणि तोंडाची रेक्झिनची पट्टी सगळ्यात शेवटी.

शिवताना झिगझॅग असेल तर बारीक झिगझॅग. आपली काळी पायदान मशीन असेल तर इंचाला दहा-बारा टाके ठेवून, कापड पुढून आणि मागून जरासं ताणत सरळ शिवण मारा, आणि तिला लागूनच दुसरी. न ताणता मारलेली शिवण डोक्यात घालताना तडातड तुटते. नाकाच्या मुळाशी मायेला दोन-तीन चिरा द्या, नाहीतर तिथं गोळा होतो आणि पोट्टं दिवसभर नाक खाजवत बसतं.

मागची लेस

मेक्सिकन कुस्तीचं सगळं नाटक या लेसवर चालतं, म्हणून इथं हात आखडता घेऊ नका.

तिकडं समोरच्याचा मुखवटा ओढून काढला तर काढणारा बाद ठरतो. तरी ओढतातच. मुखवटा खरंच घालवायचा तर दोघांनी आधी पैज लावून लढायचं: मुखवटा विरुद्ध मुखवटा, नाहीतर मुखवटा विरुद्ध केस. मुखवटा हरला त्यानं रिंगणातच तो काढायचा आणि आपलं खरं नाव, गाव आणि किती वर्षं कुस्ती खेळतोय ते सांगायचं. केस हरला त्याचं तिथंच मुंडण. आता या कुस्त्या आपल्या नागपंचमीच्या दंगलीसारख्या नाहीत, निकाल ठरलेला असतो. पण गेलेला मुखवटा खराच जातो आणि माणसाची कमाई त्यासोबत फिरते. रे मिस्टेरिओचा मुखवटा १९९९ मध्ये असाच पैजेत गेला. २००२ मध्ये दुसऱ्या कंपनीत आला तेव्हा त्यानं पुन्हा घातला, आणि आपल्या पोट्ट्यांनी त्याला पाहिलं ते त्यानंतरचं.

ज्यानं तो कधीच घालवला नाही तो एल सांतो. चंदेरी मुखवटा पाहिजे म्हणणाऱ्याला माहीत नसतं, पण तो मागतो त्याचाच. खरं नाव रोडोल्फो गुझमान वेर्ता, जन्म १९१७, तुलान्सिंगो गाव. आधी वेगवेगळ्या नावांनी लढला, जम बसेना. एक नाव तर दुसऱ्या पैलवानाच्या नावाची नक्कल ठरलं आणि सोडावं लागलं. २६ जुलै १९४२ ला चंदेरी मुखवटा घालून एल सांतो म्हणून उतरला आणि मग मागं पाहिलं नाही. सुरुवातीची बरीच वर्षं तो रूदो होता, म्हणजे नियम मोडून मारणाऱ्या बाजूचा. नियमानं लढणारे ते तेक्निको, त्यांच्यात तो १९६० च्या दशकात गेला. १९५२ मध्ये त्यानं ब्लॅक शॅडोचा मुखवटा पैजेत जिंकला. ब्लॅक शॅडोचा जोडीदार ब्लू डेमन चिडला आणि पुढच्याच वर्षी त्यानं सांतोला हरवून विजेतेपद घेतलं. निळा मुखवटा पाहिजे असेल तर तो या ब्लू डेमनचा. त्यानंही आपला मुखवटा कधी घालवला नाही.

सांतोनं पन्नासच्या वर सिनेमे केले, सगळे मुखवटा घालून. शूटिंगला जाताना तो बाकीच्या मंडळींपेक्षा वेगळ्या विमानानं जायचा, कारण विमानतळावर तपासणीत चेहरा दाखवावा लागे. १९८२ मध्ये कुस्ती सोडली. १९८४ च्या जानेवारीत टीव्हीवर एकदा त्यानं मुखवटा थोडासा वर करून चेहरा दाखवला आणि थोड्याच दिवसांत, ५ फेब्रुवारीला, हार्ट अटॅकनं गेला. दफन केलं ते मुखवट्यासकट. पुढं त्याच्या मुलानं तोच चंदेरी मुखवटा चालवला.

तर लेस. मागच्या दोन्ही कडा १ इंच दुमडायच्या आणि दुमडीत सुती पट्टी किंवा कॅनव्हास घालायचा. नुसत्या लायक्रात रिंग ठोकली की ती कापड फाडून बाहेर येते. एका बाजूला सहा रिंगा, इंच-इंचावर, समोरासमोर. रिंगा ठोकायचं यंत्र नसेल तर बाजारातल्या चप्पल-बूट दुरुस्तीवाल्याकडे न्या, तो पाच मिनिटांत ठोकून देतो आणि तुमच्यापेक्षा चांगल्या ठोकतो. आतून लायक्राची ३ इंच रुंद पट्टी एकाच बाजूला शिवा. ही जीभ. ती नसेल तर लेस केसात अडकते आणि मुखवटा काढताना लेकरू किंचाळतं. लेस बुटाची चपटी घ्या, गोल दोरी सुटते. खालून ओवत वर नेली तर गाठ टाळूवर येते आणि दुसऱ्या पोट्ट्याच्या हाती लागते. वरून खाली आणा, मानेच्या वर सुटगाठ मारा आणि टोकं आत खोचा. लेस गळ्याभोवती गुंडाळायची नाही. गळ्याच्या कडेत तुमची दोन बोटं सहज गेली पाहिजेत, नाही गेली तर खालची रिंग मोकळी सोडा.

मिल मास्करस नावाचा एक पैलवान होता. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुखवट्याला बंदी होती, ती मोडून १९७२ मध्ये तिथं मुखवट्यानं लढणारा हा पहिला. तो एकावर एक दोन मुखवटे घालून यायचा आणि वरचा प्रेक्षकांत फेकायचा. हे कोणत्या तरी पोट्ट्याला मोबाइलवर सापडतंच. वरचा शिवायचा झाला तर ताणासाठी काहीच कमी करू नका, डोळे दोन सूत मोठे ठेवा, आणि पैसे दोन मुखवट्यांचे घ्या.

घातल्यावर

गॅदरिंगला कुस्तीचं सोंग बसवणार असाल तर खाली गाद्या टाका, आणि बाकावरून अंगावर उडी मारू देऊ नका, टीव्हीवर कितीही मारोत. तीन डाव, त्यातले दोन जिंकेल तो जिंकला, हा तिकडचा जुना नियम नाटुकल्याला बरोबर बसतो. मुखवटा विरुद्ध केस मात्र बसवू नका. आमच्याकडे एका मास्तरांनी ते सुचवलं होतं, खोटा वस्तरा आणि टकलाचा विग लावून. पोट्ट्याच्या आजीनं शाळेत येऊन विचारलं, "घरात कोणी मेलं का बाप्पा, पोराचं मुंडण करून राहिले?" तो प्रवेश तिथंच संपला.

धुताना मशीनमध्ये टाकू नका. लेस काढून, थंड पाण्यात, थोड्या शाम्पूनं, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत पालथ्या गडव्यावर वाळवा, आकार राहतो. उन्हात रेक्झिन कडक होतं. ओला ठेवला तर रिंगा गंजतात आणि कपाळावर तांबडे ठिपके उठतात, मग आई दवाखान्यात आणि पोट्टं माझ्या दारात.

शिलाई अस्तराच्या ब्लाउजच्या दीडपट घ्या. वेळ तेवढाच लागतो, पण इथं फिटिंगला बसणारं गिऱ्हाईक एका जागी बसत नाही. आणि बोजारा, म्हणजे तान्ह्या पोळ्याला लेकरांना घरोघरी मिळणारे पैसे, जमला की देतो म्हणणाऱ्या पोट्ट्याकडून अर्धे आधी घ्या, पोळ्याच्या संध्याकाळी ते पैसे आइसक्रीमवाल्याकडे गेलेले असतात.